खांबामागची सीट आणि एक लाल खुर्ची

मागच्या अंकात मी जाता जाता लिहून गेले की अमेरिकेतल्या बॉस्टनच्या फेनवे पार्कमधे, म्हणजे तिथल्या बेसबॉलच्या मैदानात, बसून खाल्लेल्या शेंगा मी अजून विसरले नाहीये, तर त्या एका वाक्यावरच इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकलतेय. कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते हे विचारणाऱ्यांनी महिनाभर कळ काढा.

प्रश्न: ताई, आमचा मुलगा बॉस्टनला असतो, मे महिन्यात आम्ही दोघं चाललोय. ह्यांना क्रिकेटचं वेड, पण बेसबॉलमधलं दोघांनाही ओ की ठो कळत नाही. मुलगा म्हणतो फेनवेला मॅच दाखवतो. पण तिकिटं महाग, आणि जी स्वस्त आहेत त्यावर म्हणे लिहिलेलंच असतं की मधे खांब येणार. पैसे देऊन खांब बघायला जायचं का? (एक वाचक, सांगली)

जा हो, नक्की जा, आणि खांबामागचंच तिकीट मिळालं तर अजिबात वाईट वाटून घेऊ नका. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या दिराने असंच तिकीट काढलं होतं, बिचारा वरमून गेला होता, कारण पिचर (बॉल टाकणारा) आणि माझ्या मधे बरोब्बर एक लोखंडी खांब. पिचर हात वर करायचा ते दिसायचं, मग बॉल गायब, मग एकदम बॅटर फिरताना दिसायचा. म्हणजे अर्धी मॅच मी मान डावीकडे उजवीकडे करत बघितली आणि शेजारचे आजोबा माझ्याकडे बघून हसत होते, कारण तेही तेच करत होते, फक्त त्यांची चाळीस वर्षांची प्रॅक्टिस होती.

त्या आजोबांनीच मला बेसबॉल शिकवलं. मांडीवर एक स्कोअरकार्ड, कानावर पेन्सिल (आपल्याकडे सुतार ठेवतात तशी), आणि प्रत्येक बॉलनंतर काहीतरी बारीक खूण. बॅटर तीन स्ट्राइकमधे (बॉल हुकला किंवा मारण्याजोगा बॉल सोडला की स्ट्राइक) आउट झाला की ते इंग्रजी 'के' लिहायचे, आणि तिसऱ्या स्ट्राइकला बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहून आउट झाला तर तोच 'के' उलटा. मला हे इतकं आवडलं! गावसकरांनी बॉल सोडला तर आपण टाळ्या वाजवतो, इथे नुसतं बघत राहिलास तर तुझं अक्षरच उलटं काढणार. तुमच्या ह्यांना एवढंच सांगा, तीन आउट झाले की टीम बदलते, अशा नऊ इनिंग, बाकी सगळं तिथे बसल्या बसल्या कळतं. तीन तासांत घरी.

मैदानाचं म्हणाल तर २० एप्रिल १९१२ ला तिथे पहिली मोठी मॅच झाली, टायटॅनिक बुडून पाच दिवस झाले होते. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सगळ्यात वरच्या लीगमधलं आज वापरात असलेलं सगळ्यात जुनं मैदान हेच. आजूबाजूला आधीपासून रस्ते होते, जागा वाकडीतिकडी मिळाली, म्हणून मैदानही वाकडंतिकडं. डावीकडे लान्सडाउन स्ट्रीट अगदी खेटून आहे त्यामुळे तिथे बाउंड्रीचं अंतर कमी, मग भरपाई म्हणून ३७ फूट उंच भिंत, तिलाच ग्रीन मॉन्स्टर म्हणतात. पूर्वी तिच्यावर जाहिराती असायच्या, १९४७ ला हिरवा रंग दिला. भिंतीत खालच्या बाजूला स्कोअरबोर्ड आहे तो अजून हाताने बदलतात, आत माणसं बसलेली असतात आणि पत्र्याचे आकडे लावतात. मी दुर्बीण घेऊन गेले होते ती मॅच बघायला कमी आणि स्कोअरबोर्डच्या फटीतून आतला माणूस दिसतो का हे बघायला जास्त वापरली. एकदा दिसलं, नुसतं कोपर.

खुर्च्यांबद्दल आधीच सांगते, जुन्या लाकडी निळ्या खुर्च्या भयंकर अरुंद आहेत, आणि काही तर अशा बसवल्यात की तोंड भलतीकडेच, तीन तास मान वळवून बसायचं. स्पॉन्डिलायटिस असेल तर मुलाला आधी सीटचा नंबर नीट बघायला लावा. मेमधे संध्याकाळी थंडी वाजते, शाल न्या. ग्रीन लाइनच्या ट्रेनने केनमोर स्टेशनला उतरा, गर्दीच्या मागे चालत राहिलं की पोचता. खायला हॉटडॉग नको असेल तर पॉपकॉर्न, फ्राइज, छोट्या प्लॅस्टिकच्या हेल्मेटमधे मिळणारं आइस्क्रीम, आणि अर्थातच शेंगा. मी गेले तेव्हा शेंगावाला पायऱ्यांवर उभा राहून पिशवी फेकायचा, आपण नोट शेजाऱ्याकडे द्यायची, ती आठ जणांच्या हातातून त्याच्याकडे जायची आणि सुटे पैसे त्याच वाटेने परत यायचे. टरफलं खुशाल पायाशी टाकायची. आयुष्यात पहिल्यांदा मी कचरा केला आणि कुणी काही बोललं नाही.

प्रश्न: फेनवेच्या फोटोत हिरव्या बाकांमधे एकच लाल खुर्ची दिसते, ती कशासाठी? (एक विद्यार्थी, नाशिक)

टेड विल्यम्ससाठी, फेनवेच्या रेड सॉक्स टीमचा बॅटर. ९ जून १९४६ ला त्याने मारलेला होमरन (आपला सिक्सच समजा) तिथे पडला, ५०२ फूट, म्हणजे दीडशे मीटरच्या वर. आपल्याकडे शंभर मीटरचा सिक्स गेला तर कॉमेंटेटरचा घसा बसतो. तिथे एक माणूस स्ट्रॉ हॅट घालून बसला होता, बॉल थेट हॅटवर, हॅटला भोक! सेक्शन ४२, रांग ३७, सीट २१. वानखेडेला २०११ च्या फायनलमधला धोनीचा सिक्स पडला तिथल्या खुर्च्यांचंही असंच स्मारक केलंय. मी टूरच्या वेळी चढून त्या लाल खुर्चीत बसून आले, आणि खरं सांगू, तिथून होम प्लेटवरचा (बॅटर उभा राहतो तिथला) माणूस मुंगीएवढा दिसतो. मला काही केल्या पटेना की तिथून इथवर कुणी बॉल मारला असेल. टूर मॅच नसतानाही असते, तासाभराची, परवडतेही.

प्रश्न: इतकं जुनं आणि गैरसोयीचं मैदान पाडून नवीन का नाही बांधलं? आणि ते शापाचं काय? (एक वाचक, पुणे)

पाडणारच होते की! १९९९ मधे तेव्हाच्या मालकांनी शेजारी नवीन स्टेडियम बांधायचा प्लॅन जाहीर केला होता, लोकांनी विरोध केला, मग २००२ ला टीम नव्या मालकांकडे गेली आणि त्यांनी आहे तेच दुरुस्त करायचं ठरवलं. २००३ ला त्या ग्रीन मॉन्स्टर भिंतीवर चक्क खुर्च्या बसवल्या. मला वाटतं आपल्याकडे असतं तर एव्हाना मॉल झाला असता, पण ते असो.

शाप म्हणजे असं, रेड सॉक्सनी १९१८ ला वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) जिंकली आणि पुढच्याच वर्षअखेरीला बेब रूथ या आपल्या स्टार खेळाडूला न्यूयॉर्कच्या यँकीजना विकून टाकलं. १९१८ च्या त्या विजयानंतर ८६ वर्षं एकही नाही, म्हणून लोक म्हणायचे रूथला विकल्याचा शाप लागला. २००४ ला यँकीजविरुद्ध तीन मॅच हरून मागे पडलेले असताना ओळीने चार जिंकले, सात मॅचच्या सिरीजमधे असं मेजर लीगमधे आधी कुणीच केलं नव्हतं, आणि मग वर्ल्ड सिरीजही घेतली. शाप वगैरे मी मानत नाही, पण माझे शेजारचे आजोबा मानायचे. त्यांचे वडील १९१८ नंतर जन्मले आणि २००४ च्या आधी गेले, एवढंच ते म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढत बसले.

त्या पहिल्या मॅचपासून मला बेसबॉलचा नाद लागला तो लागलाच. तिथे संध्याकाळी सात दहाला मॅच म्हणजे इथे पहाटे चार चाळीस, घरचे म्हणतात एवढ्या पहाटे उठून कधी काकडआरतीला गेली नाहीस.

प्रश्न: प्रेक्षकांत बॉल आला तर परत द्यावा लागतो का? (तोच विद्यार्थी, नाशिक)

नाही रे, तो तुझाच! क्रिकेटसारखा परत फेकायचा नाही, म्हणून तर मोठमोठी माणसंही ग्लोव्ह घेऊन येतात. मी आजोबांना विचारलं होतं, इतक्या वर्षांत किती मिळाले म्हणून. एकही नाही म्हणाले, खांब मधे येतो ना. तरी ग्लोव्ह मांडीवर होताच, स्कोअरकार्डाच्या खाली.