लॉराला काय वाटत होतं?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी २९ वर्षांची आहे, नाशिकला एका बँकेत नोकरी करते. तो पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवतो. चार वर्षांपासून आमचं जमलंय. दोन्ही घरं तयार आहेत, दिवाळीनंतर तारीख काढू म्हणतात. तो माझ्यावर सॉनेट लिहितो, म्हणजे चौदा ओळींच्या कविता, इंग्रजीत आणि मराठीत सुनीतंही. आजवर ६१ झाली. एका कापडी बांधणीच्या वहीत त्याने ती सुंदर अक्षरात उतरवून मला दिली आहेत. त्यात माझे डोळे आहेत, माझी चाल आहे, माझं गप्प बसणं आहे. माझी नोकरी, माझा राग, माझं घर कुठेच नाही.

फेब्रुवारीत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. ११ दिवस मी दवाखान्यात होते. तो एकदा येऊन गेला आणि मग माझ्या जागरणाने थकलेल्या डोळ्यांवर कविता पाठवली. मी म्हटलं, त्यापेक्षा एक वेळचा डबा आणला असतास तर बरं वाटलं असतं. तो फार दुखावला. म्हणाला, जगातल्या मोठ्या कवींनी असंच प्रेम केलंय, तुला कविता कळत नाही.

एका कवितेत मी सुट्ट्या पैशांवरून एसटीच्या कंडक्टरशी भांडते. ती मला सगळ्यात जास्त आवडते. ती कच्ची आहे म्हणून त्याने वहीत घेतली नाही.

ताई, त्या जुन्या सॉनेटांमधलं प्रेम खरं असतं का? असेल तर मीच कोरडी. नसेल तर या लग्नाला हो म्हणू का?

— कोरडी, नाशिक

प्रिय मुली,

तू सही केलीस त्या नावाने मी तुला हाक मारणार नाही. ६१ कविता मोजून ठेवणारी आणि वहीबाहेर राहिलेली बासष्टावी मनात जपणारी मुलगी कोरडी नसते. एवढं आधी सांगते, मग तुझ्या प्रश्नाकडे येते.

मी २२ वर्षं कॉलेजात हीच सॉनेट शिकवली. एका वर्षी पेत्रार्क या इटालियन कवीची लॉरावरची सॉनेट शिकवताना मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, हे सगळं ठीक आहे, पण लॉराला काय वाटत होतं?" तास संपायला पाच मिनिटं होती. मी "ते परीक्षेला नाही" म्हटलं आणि पुढचं पान उलटलं. त्या मुलीला उत्तर द्यायचं राहून गेलं, त्याची रुखरुख अजून आहे. तुझं पत्र वाचलं आणि तीच डोळ्यांसमोर आली. म्हणून जरा लांबून सुरुवात करते, सांभाळून घे.

सॉनेट इटलीत पेत्रार्कच्या आधीही लिहिलं जात होतं, पण त्यातल्या प्रेमाला जे वळण लागलं ते त्याने लावलेलं. ६ एप्रिल १३२७ ला सकाळी दक्षिण फ्रान्समधल्या आविन्योंच्या सेंट क्लेअर चर्चमध्ये त्याने लॉराला पहिल्यांदा पाहिलं. ही नोंद त्याने स्वतः आपल्या जवळच्या, रोमन कवी व्हर्जिलच्या पोथीत करून ठेवली आहे. १३४८ मध्ये, प्लेगच्या वर्षी, त्याच तारखेला ती वारली, हेही तिथेच लिहिलंय. त्याच्या संग्रहात ३६६ कविता आहेत, त्यातली ३१७ सॉनेट. ती जिवंत असताना तो लिहीत राहिला, ती गेल्यावरही लिहीत राहिला, आणि लिहिलेलं आयुष्यभर घासूनपुसून नीट करत राहिला.

त्या कवितांत तो एकाच वेळी जळतो आणि गोठतो. त्याला सुटकाही हवी असते आणि सुटायचंही नसतं. हे खोटं आहे का? मुळीच नाही. मध्यरात्री फोन उलटा ठेवून, दोन मिनिटांनी पुन्हा सुलटा करून बघणाऱ्या कुणालाही विचार. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने मनातली ही घालमेल इतकी बरोबर पकडली आहे की आजही वाचताना अंगावर काटा येतो.

पण लॉरा? तिचे केस आहेत, डोळे आहेत, हातमोजा आहे. जिवंतपणी ती क्वचितच बोलते. तिला भूक लागलेली, तिचं कुणाशी वाजलेलं, तिला घरी जायला उशीर झालेला असं काही दिसत नाही. आणि याच काळात पेत्रार्कला दोन मुलं झाली, १३३७ मध्ये मुलगा आणि १३४३ मध्ये मुलगी. तो धर्मसेवेत होता, त्यामुळे लग्न करणं शक्य नव्हतं. त्या मुलांच्या आईला ३६६ कवितांत जागा नाही. मुलगी फ्रान्चेस्का मात्र पुढे नवरा आणि मुलीसह त्याच्या घरी राहिली. पादुआजवळच्या आर्क्वा गावी १३७४ मध्ये तो गेला, तोवर त्याचं घर तिने भरलेलं होतं. रात्री उठून त्या म्हाताऱ्याला पाणी कोण देत असेल, हा विचार शिकवताना मला कधी शिवला नाही. हल्ली शिवतो.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. सॉनेट प्रेमात पडलेल्या माणसाबद्दल खरं बोलतं. ज्याच्यावर प्रेम आहे त्या माणसाबद्दल बहुतेक वेळा फार थोडं बोलतं, आणि दोघांनी मिळून काढलेल्या दिवसांबद्दल त्याहून थोडं. याला रचनाही कारण आहे. चौदा ओळी, आधी आठ ओळींचं अष्टक, मग सहा ओळींचं षट्क, मधे कलाटणी. एका क्षणापुरतं घडवलेलं भांडं ते, दवाखान्याचे ११ दिवस त्यात ओतले तर सांडणारच. तुझा मित्र हेच शिकवतो, त्याला हे माझ्याइतकंच ठाऊक आहे.

इंग्लंडात तर पुढे याची फॅशनच झाली. सर फिलिप सिडनीची सॉनेट त्याच्या मृत्यूनंतर १५९१ मध्ये छापली गेली. त्यातली प्रेयसी स्टेला म्हणजे पेनेलोपी डेव्हरू, जिचं १५८१ मध्येच एका लॉर्डशी लग्न झालेलं. मग जो तो लिहू लागला. डोळे सूर्यासारखे, ओठ पोवळ्यासारखे, केस सोन्याच्या तारांसारखे, सगळ्यांच्या प्रेयसी एकाच साच्यातून काढलेल्या. शेक्सपिअरने आपल्या १३०व्या सॉनेटमध्ये हे एकेक उचलून बाजूला ठेवलं: माझ्या बाईचे डोळे सूर्यासारखे नाहीत, ओठांपेक्षा पोवळं जास्त लाल आहे, ती जमिनीवर पाय ठेवून चालते. वास्तव प्रेमाचं उदाहरण म्हणून हे सॉनेट नेहमी पुढे केलं जातं. मला मात्र वाटतं, तिथे त्याचा वाद बाकीच्या कवींशी चाललाय. ती बाई तिथेही एक शब्द बोलत नाही. त्यापेक्षा १३८वं जास्त खरं आहे. ती निष्ठेबद्दल खोटं बोलते, तो वयाबद्दल, दोघांनाही एकमेकांचं खोटं कळतं आणि दोघं तसेच एकमेकांजवळ राहतात. ते सुखाचं नाही, पण तिथे दोन माणसं आहेत.

आणि तुझ्या मित्राने ज्या मोठ्या कवींचा दाखला दिला, त्यांच्यातच दोघं असे आहेत ज्यांच्याबद्दल त्याने तुला सांगायला हवं होतं.

पहिला एडमंड स्पेन्सर. एलिझाबेथ बॉइल या मुलीचं मन वळवताना त्याने ८९ सॉनेट लिहिली. १५९४ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी ही सॉनेट त्याने लग्नासाठी रचलेल्या दीर्घ गीतासोबत छापून आली. त्यातल्या ७५व्यात तो समुद्रकिनारी वाळूत तिचं नाव लिहितो, लाट येऊन पुसते, तो पुन्हा लिहितो, लाट पुन्हा पुसते. आणि मग ती बोलते! म्हणते, उगाच काय हा खटाटोप, मीसुद्धा या नावासारखीच एक दिवस पुसली जाणार आहे. तो पुढे कवितेच्या अमरत्वाचं वगैरे बोलतो, ते बोलणारच. पण त्याची भव्य कल्पना मधेच तोडायला तिला त्याने जागा दिली. तिचं बोलणं ऐकून तो दुखावला नाही आणि "तुला कविता कळत नाही" असंही म्हणाला नाही. तिचं म्हणणंच त्याने कवितेत घेतलं, तेही शब्द मऊ न करता.

दुसरी एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग. माझी सगळ्यात लाडकी. इथे प्रेमाचं लक्ष्य असलेल्या बाईनेच लेखणी हातात घेतलेली. कवी रॉबर्ट ब्राउनिंगचं पहिलं पत्र तिला जानेवारी १८४५ मध्ये आलं तेव्हा ती ३८ वर्षांची होती, त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, आजारी. मुलांपैकी कुणीच लग्न करू नये असा वडिलांचा हट्ट. तिच्या ४४ सॉनेटांत काय आहे? भीती आहे, मागे सरणं आहे, आपण याच्या आयुष्यावर ओझं होऊ ही शंका आहे. एका सॉनेटमध्ये ती रात्री त्याच्या पत्रांच्या गठ्ठ्याची दोरी सोडते आणि एकेक पत्र वाचते. एकात तो मित्र म्हणून भेटायला यायचं म्हणतो, एकात भेटीचा दिवस ठरवतो. बस, इतकं साधं. आणि १४व्या सॉनेटमध्ये ती त्याला बजावते: माझ्या हसण्यासाठी, दिसण्यासाठी, हळू बोलण्यासाठी प्रेम करू नकोस, या गोष्टी बदलतील किंवा तू बदलशील. माझे डोळे पुसायचे म्हणून दयेपोटीही करू नकोस, कारण तुझ्या सोबतीत मी रडणंच विसरले तर तुझं प्रेमही जाईल.

थकलेल्या डोळ्यांवरची तुझी कविता आठव आणि मग हे पुन्हा वाच.

सप्टेंबर १८४६ मध्ये त्यांनी चोरून लग्न केलं आणि इटलीला गेले. लग्न होऊन तीनेक वर्षं झाल्यावर, पदरी मूल आल्यावर, तिने ही सॉनेट नवऱ्याला दाखवली. तोवर तो प्रेम करत होता तो तिच्यावर.

आता तुमच्याकडे येते. डबा न आणणं हा मोठा गुन्हा नाही. काही माणसं दवाखान्याच्या वासाने हबकतात, काय करावं त्यांना सुचत नाही, आणि जे येतं तेच ती करतात. त्याला कविता येते, त्याने कविता केली. इथपर्यंत मी त्याच्या बाजूने आहे. मला खटकलं ते त्याचं पुढचं वाक्य. तू त्याला तुझी गरज सांगितलीस, अगदी साध्या शब्दांत, आणि त्याने पेत्रार्क, शेक्सपिअर सगळ्यांना तुझ्यासमोर उभं करून तुला गप्प केलं. कविता बाईला गप्प बसवायला वापरली की मला राग येतो. ज्या बाईचं मौन त्याला ६१ कवितांत इतकं आवडलं तिने तोंड उघडलं, तर तिचं बोलणं त्याला सोसतं का, हे लग्नाआधी कळायलाच हवं.

म्हणून तारीख आत्ता काढू देऊ नकोस. घरच्यांना सांग, बाबांची तब्येत जरा सावरू दे. ते खोटंही नाही. मधल्या काळात त्याला नाशिकला बोलाव, फिरायला नको, बाबांच्या फिजिओथेरपीच्या दिवशी बोलाव. रिक्षा ठरवणं, बाबांना धरून जिना उतरवणं, त्यांची चिडचिड ऐकून घेणं, यातलं काय तो आपणहून करतो ते बघ. पहिल्या दिवशी गोंधळला तर सोडून दे, तिसऱ्या खेपेला काय करतो ते बघ. लग्नानंतर कुणी कुठल्या गावात राहायचं, तुझ्या नोकरीचं काय, बाबांकडे कोण बघणार, हे तीनही प्रश्न त्याला समोर बसवून विचार. उत्तरादाखल कविता आली तर वहीत ठेव आणि प्रश्न पुन्हा विचार. तुला बोलू दिलं, ऐकलं, आणि त्यानंतर त्याच्या वागण्यात काही हललं, तर या मुलाशी लग्न करायला हरकत नाही असं मी म्हणेन. तू बोललीस की तो दर वेळी दुखावतच असेल, तर करू नकोस. ६१ कविता असल्या तरी करू नकोस.

मला आशा वाटते ती त्या कंडक्टरच्या कवितेमुळे. मराठीत सुनीत आणलं केशवसुतांनी, आणि पहिलं मानलं जातं त्या १८९२ सालच्या सुनीतात कुणाचे डोळे नाहीत, मयूरासन आणि ताजमहाल आहेत. म्हणजे आपल्याकडे हा घाट पहिल्या दिवसापासून मोकळा आहे, त्यात एसटीही मावते. भर गाडीत सुट्ट्या पैशांसाठी हुज्जत घालणारी तू त्याला दिसली होतीस. नुसती दिसलीच नाहीस, त्याने घरी जाऊन ते लिहून काढलं. मग कुठल्या तरी मोठ्या कवीच्या धाकाने ते बाजूला ठेवलं.

ती कविता त्याच्याकडून मागून घे. वहीच्या शेवटी पानं कोरी असतील, तिथे त्याच्याच हाताने उतरवून घे, आणि तो लिहीत असताना शेजारी बसून विचार, ही कच्ची का वाटली? तो काय म्हणाला ते मला कळव. मी वाट बघते.

तुझी,
ताई