मनातलं विचारा: "दोष माह्यातच आहे का?"

प्रश्न: ताई, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातला, सध्या अमरावतीले रूम करून एमपीएससीचा अभ्यास करून राहिलो. गावात आमच्या बौद्ध वस्तीतला माणूस काही जणांच्या वावरात कामाले गेला का चहा अजूनही वेगळ्या कपात भेटते, तो कप गोठ्याच्या भिंतीतल्या खोबणीत ठेवलेला असते. इथं तसं काही नाही, पण कोणी "पूर्ण नाव काय?" म्हटलं का छाती धडधडते, घाम सुटते, मी पहिलंच नाव सांगून विषय बदलतो. वाचलेलं डोक्यात राहत नाही. एका काऊन्सेलरकडे गेलो तर ते म्हणे, तू जास्त विचार करतो, पॉझिटिव्ह राह्य. मंग वाटते दोष माह्यातच आहे. मित्र म्हणते इंटिग्रेटिव्ह थेरपी घे. ते काय असते? आन समाजाचा रोग माह्यावर उपचार करून कसा बरा होईन?

उत्तर: भाऊ, शेवटचं आधी घेते. नाही होत बरा, आणि होतो असं कोणी सांगत असेल तर फीचे पैसे वाचव. पण त्या रोगाने तुझी झोप, अभ्यास खाल्ला त्याच्यावर काम होते. बैलाला खांदेसूज आली की जू पण उतरवतात आणि मलम पण लावतात, तुझ्या काऊन्सेलरने तर खांदाच नाजूक आहे म्हणून सांगितलं.

इलान मेयर नावाच्या अमेरिकेतल्या संशोधकाने 2003 मध्ये याला मायनॉरिटी स्ट्रेस, म्हणजे हलकं लेखलेल्या गटातल्या माणसावरचा जादा ताण, म्हणून मांडलं. त्याचं काम समलिंगी लोकांबद्दल होतं, जातीबद्दल नव्हतं, पण वाचलं की आपल्याच वस्तीचं वाटते. झालेला अपमान हा एक भाग, मग पुढचा अपमान होईलच म्हणून सतत सावध राहणं, ओळख लपवणं, आणि लोकांचं मत हळूहळू स्वतःच्याच आत मुरणं. दिवसभर आडनावावर पहारा देत बसलं तर वाचलेलं डोक्यात राहील कसं?

इंटिग्रेटिव्ह म्हणजे थेरपिस्ट एकाच पद्धतीला चिकटून बसत नाही, समोरच्या माणसाला जेव्हा जे लागेल ते घेतो. आता सीबीटी घे, 1960 च्या दशकात ॲरन बेकने आणलेली विचार तपासायची पद्धत. ती चांगलीच आहे, पण डोळे झाकून वापरली तर "लोक मला हलकं समजतात" याचे पुरावे मागतील, आणि पुरावा तर खोबणीत ठेवलेला आहे ना! त्या विचाराशी भांडायचंच नाही, तो खरा आहे. भांडायचं ते त्याच्या मागून गुपचूप आलेल्या "म्हणजे मी हलकाच" याच्याशी, आणि जाणता थेरपिस्ट ही दोन वाक्यं वेगवेगळी लिहून घेतो. धडधड होते तेव्हा मात्र समजावून काही होत नाही, तिथं पाय जमिनीवर दाबणं, श्वास सावकाश लांब सोडणं हे आधी शिकवतात. मग घरचं निघते. कदाचित आईनेच कधी म्हटलं असेल, त्यांच्यासमोर उगा बोलू नको, तिने जपायलाच म्हटलं, पण ते आज अमरावतीच्या रूमवर पण चालूच आहे. आणि हे एकट्याने उरकायचं काम नाही, ग्रुपमध्ये बोलणं पण थेरपीच आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोक उभे राहिले तेव्हा घरात काय बदललं, हे वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचार एकदा.

कपाचं वेगळं. अस्पृश्यता घटनेच्या कलम 17 ने बंद केली आहे, तिथं वकील लागते, थेरपिस्ट नाही.

नवीन माणसाकडे गेला की पहिल्याच दिवशी विचार, "इथं जातीबद्दल बोललं तर चालते ना?" "आता कुठं राहिली जातपात" असं उत्तर आलं तर उठ तिथून. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा उपचारात जातीवरून भेदभाव चालू देत नाही. पैशाची अडचण असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. आणि लेखी झाल्यावर बघू असं नको करू, मुलाखतीत कोणी पूर्ण नाव विचारलं तर विषय बदलता येत नाही.