स्तनाच्या कर्करोगात सायटोकाइन्स नेमकं काय करतात? ती शरीराच्या बाजूची की गाठीच्या?

दोन्ही बाजूंची. सायटोकाइन्स म्हणजे रोगप्रतिकारक पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सोडतात ती छोटी प्रथिनं. निरोपाचा परिणाम तो कुठे आणि कधी पोचतो यावर ठरतो.

टीजीएफ-बीटा हे याचं सगळ्यात बोलकं उदाहरण. सुरुवातीला ते पेशींचं विभाजन रोखतं. पुढे गाठीच्या पेशी त्या लगामाला जुमानत नाहीत आणि तेच प्रथिन त्यांना आजूबाजूच्या ऊतींत घुसायला मदत करतं. इंटरफेरॉन-गॅमा हे दुसरं सायटोकाइन टी-पेशींना, म्हणजे गाठीवर हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना बळ देतं, पण त्याच्यामुळेच गाठीच्या पेशींवर पीडी-एल१ हे टी-पेशींना थांबवणारं प्रथिन वाढतं आणि टी-पेशी थंडावतात. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात (ज्यात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि एचईआर२ यांचे ग्राहक नसतात किंवा वाढलेले नसतात) पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध देतात ते हाच अडसर काढायला, तेही केमोथेरपीच्या जोडीने.

मला महत्त्वाचा वाटणारा आणि फार कमी बोलला जाणारा भाग चरबीचा आहे. लठ्ठपणात चरबीच्या ऊतींत सौम्य दाह सतत चालू असतो. तिथली इंटरल्यूकिन-६ आणि टीएनएफ-अल्फा ही सायटोकाइन्स अरोमाटेज हे विकर वाढवतात, त्यातून इस्ट्रोजेन जास्त तयार होतं. रजोनिवृत्तीनंतर लठ्ठपणामुळे हा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, त्यामागचं हे एक कारण.

आजार पसरण्यातही यांचा हात असतो. फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा इथे सीएक्ससीएल१२ हे पेशींना ओढून घेणारं सायटोकाइन भरपूर असतं आणि कर्करोगाच्या पेशींवर त्याचा ग्राहक, सीएक्ससीआर४, म्हणून त्या पेशी तिकडे ओढल्या जातात; २००१ मध्ये हा संबंध दाखवला गेला.

रक्तातली इंटरल्यूकिन-६ मोजून मात्र या कर्करोगाचं निदान होत नाही. साध्या संसर्गातही ती वाढते. निदानासाठी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि बायोप्सीच लागते.