ई. कोलाय या जिवाणूत बनवलेल्या रिकॉम्बिनंट (जनुक घालून तयार केलेल्या) मानवी एचएमजीबी१ या प्रथिनामुळे पेशींमध्ये टीएनएफ (दाह वाढवणारं संदेशवाहक प्रथिन) वाढलं, तर तो परिणाम प्रथिनाचाच धरायचा का?

लगेच धरू नका. ई. कोलायच्या बाह्य आवरणात एलपीएस (लिपोपॉलिसॅकराइड), म्हणजे एंडोटॉक्सिन हे दाह भडकवणारं द्रव्य असतं. ते पेशींवरच्या टीएलआर४ या ग्राहकाला (रिसेप्टरला) जागं करतं आणि एचएमजीबी१ सुद्धा त्याच टीएलआर४ वर काम करतं. त्यातून एचएमजीबी१ स्वतः एलपीएसला चिकटतं, त्यामुळे शुद्धीकरणातही एलपीएस सहज सुटत नाही. एचएसपी६० आणि एचएसपी७० या प्रथिनांच्या बाबतीत एलपीएसचा परिणाम प्रथिनाचा समजण्याचा हा घोळ होऊन गेला आहे.

सोपी तपासणी म्हणजे नमुना उकळून पुन्हा पेशींवर टाकणे. उकळल्याने प्रथिन बिघडतं, एलपीएस मात्र टिकतं. टीएनएफ तेवढंच आलं तर संशय पक्का. सोबत पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला बांधून निष्प्रभ करणारं औषध) घातलेलं नियंत्रण ठेवा आणि बाटलीवरच्या एंडोटॉक्सिनच्या आकड्यावर न थांबता एलएएल ही एंडोटॉक्सिन मोजणारी चाचणी स्वतः करा.

दुसरी गोष्ट फार जण विसरतात आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. ती म्हणजे प्रथिनाची रेडॉक्स अवस्था, म्हणजे त्यातली सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्लं मोकळी आहेत की एकमेकांना जोडलेली. २१५ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात सिस्टीन तीनच: २३, ४५ आणि १०६ या क्रमांकांवर. २३-४५ मध्ये डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंची जोडणी) आणि १०६ मोकळं असेल तरच टीएलआर४ मार्फत टीएनएफसारखे सायटोकाइन (दाहाचे संदेशवाहक) वाढतात. तिन्ही मोकळे असतील तर एचएमजीबी१ सीएक्ससीएल१२ या पेशींना बोलावणाऱ्या प्रथिनाशी जोडी करून पेशींना ओढून आणतं. बफरमध्ये (प्रथिन ठेवलेल्या द्रावणात) डीटीटी हे क्षपणकारी रसायन असेल तर डायसल्फाइड तुटतो आणि प्रयोगाचा अर्थच बदलतो. म्हणून मागवण्याआधी कंपनीला अवस्था आणि बफर दोन्ही लेखी विचारा.