केअर होममध्ये आईची हेळसांड झाली, केस होते का? – माझं उत्तर

ताई, तुमचं सगळं वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून दोन ओळींत परत लिहितो. आई गोव्यात बार्देसमधल्या एका खाजगी केअर होममध्ये, तुम्ही पुण्याला, दर महिन्याचे पैसे तुमच्या खात्यातून जातात. परवा न कळवता आलात तर आईच्या माकडहाडावर खोल जखम, मनगटांवर बांधल्याचे वळ, आणि तिथलीच एक अटेंडंट हळूच म्हणाली की रात्रपाळीची बाई हात उचलते. होमवाले म्हणतात या वयात असं होतंच, आणि तुम्ही सही केलेल्या ॲग्रीमेंटमध्ये संस्था जबाबदार नाही असं लिहिलंय. तर केस होते का?

होते. मी वकील नाही, पण माझ्या मावशीच्या वेळी अशाच एका ठिकाणाविरुद्ध पर्वरीच्या ग्राहक आयोगात आम्ही घरच्यांनीच केस चालवली, त्यातून कळलेलं सांगतो. आणि आधीच सांगतो, पहिल्या चार-आठ दिवसांत जे कागद हातात येतील त्यावरच पुढचं सगळं ठरतं, म्हणून वकील शोधण्याआधी हे करा.

आईला आजच बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉ) नाहीतर म्हापशाच्या जिल्हा हॉस्पिटलात कॅज्युअल्टीत न्या, ओळखीच्या डॉक्टरकडे नको. तिथे स्पष्ट सांगा की केअर होममधून आणलंय, जखम तिथेच झालीय, बांधून ठेवत होते, एमएलसी करा, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून नोंद करा. केसपेपरवर जखम कुठे, किती सेंटीमीटर, किती खोल, कुठल्या ग्रेडची, मनगटाचे वळ आणि आईचं वजन एवढं लिहून घ्या, आणि ॲडमिट करतानाच जखम होती हेही लिहायला सांगा. ते राहिलं तर उद्या होमवाले म्हणतील की हॉस्पिटलात झाली. बेडसोअरची पहिली ग्रेड म्हणजे दाबल्यावरही न जाणारा लालपणा, चौथीत मांस-हाड दिसतं. तिसरी-चौथी ग्रेड साधारणपणे एका रात्रीत होत नाही. रोज कोणीतरी आईला पुसत होतं, डायपर बदलत होतं, त्यांना ती दिसलीच असणार. आता हेही खरं की काही पेशंटना नीट काळजी घेऊनही जखम होते, आणि होमवाले नेमकं तेच म्हणणार, म्हणून कूस बदलल्याचा चार्ट महत्त्वाचा, अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलतात आणि त्याची नोंद ठेवतात. मावशीच्या केसमध्ये त्यांनी जो चार्ट आणून दिला तो महिनाभर एकाच पेनने, एकाच अक्षरात, आणि मावशी गोमेकॉत ॲडमिट होती त्या तारखांनाही दर दोन तासांनी टिका मारलेल्या! आम्ही डिस्चार्ज कार्ड शेजारी ठेवलं, त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आजच ईमेल करा आणि तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा: नर्सिंग नोट्स, औषधांचा चार्ट, कूस बदलल्याचा चार्ट, वजनाच्या नोंदी, रात्रीच्या ड्युटीचं रजिस्टर, आणि सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असं स्पष्ट लिहा. फुटेजवर काही दिवसांत नवीन रेकॉर्डिंग चढतं, तेव्हा उशीर नको. जो डॉक्टर तिथे व्हिजिटला येतो त्याच्याकडे वेगळं मागा, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा अधिकृत माणसाने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यावं लागतं. औषधांत झोपेच्या गोळ्या कोणी आणि कधीपासून लिहिल्यात ते बघा, दिवसभर गुंगीत असलेलं माणूस पाणीही मागत नाही. फोटो ज्या फोनने काढलेत तो फॉरमॅट करू नका, व्हॉट्सॲपवरून फिरलेली कॉपी पुरत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं सर्टिफिकेट जोडावं लागतं आणि त्यासाठी मूळ फाईल हवी.

पोलिसांचं. इथे बरेच लोक नुसतं "मारलं" एवढंच लिहितात आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, घेऊन परत येतात, कारण साधी दुखापत, भारतीय न्याय संहिता (बीएनएस) ११५(२), अदखलपात्र आहे, मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरशिवाय पोलीस तपास करत नाहीत. बांधून ठेवणं म्हणजे कलम १२६-१२७, आणि जीव धोक्यात येईल असा निष्काळजीपणा म्हणजे १२५, हे दखलपात्र, पोलीस थेट तपास करू शकतात. म्हणून तक्रारीत वळ, जखम, उपाशी ठेवलं असेल तर तेही, सगळं तारखेसकट लिहा, एमएलसीचा नंबर टाका. त्यात बीएनएसचं कलम ३५७ पण घाला, असहाय माणसाची सेवा करायचा करार करून मुद्दाम न करणं हा वेगळाच गुन्हा आहे, शिक्षा फार नाही पण तुमच्या केसला अगदी फिट बसतो आणि ठाण्यावर सहसा कोणाला आठवत नाही. घेतलीच नाही तक्रार तर एसपींना लेखी, मग मॅजिस्ट्रेट.

पण खरी केस ग्राहक आयोगात. पैसे तुम्ही भरलेत, सेवा आईने घेतली, दोघीही ग्राहक, दोघींची नावं तक्रारदार म्हणून घाला. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५ लाखांपर्यंत फी शून्य. मुदत दोन वर्षं. २०१९ च्या कायद्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, म्हणजे पुण्यात चालेल, व्हिडिओवर सुनावणीही मागता येते. तरी माझं मत पर्वरीलाच करा, कारण साक्षीदार, हॉस्पिटल, होम सगळं इथे. समोरच्याला उत्तराला ३० दिवस आणि वर फार तर १५, त्यापुढे मुदत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पक्कं केलंय, ते लक्षात ठेवून तारीख मागू देऊ नका. प्रत्येक केसमध्ये एक्सपर्ट डॉक्टर लागतोच असंही नाही, व्ही. किशन राव विरुद्ध निखिल हॉस्पिटल या केसच्या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने तेच म्हटलंय. निकाल मात्र लवकर लागेल असं समजू नका, आमची केस रेंगाळलीच.

ॲग्रीमेंटमधल्या त्या ओळीला घाबरू नका, तेवढ्याने निष्काळजीपणा माफ होत नाही. आर्बिट्रेशनची, म्हणजे वाद लवादाकडेच न्यायची, अट असली तरी आयोगाचं दार बंद होत नाही. पण डिपॉझिट परत देताना ते "माझी काहीही तक्रार नाही" अशा कागदावर सही मागतील, तिथे अजिबात सही करू नका! नसेल देत तर नको, ते पैसेही तक्रारीतच मागा.

कोणीतरी तुम्हाला डेप्युटी कलेक्टरच्या ट्रिब्युनलकडे जायला सांगितलंय. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं ते ट्रिब्युनल मुलांकडून-वारसांकडून पोटगी मिळवून देण्यासाठी आहे, होमकडून भरपाई तिथे मिळत नाही. सल्ल्यासाठी १४५६७ ही एल्डरलाईन आहे. फुकट वकील हवा असेल तर १५१०० वर लीगल सर्व्हिसेसला फोन करा, बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, म्हणजे आईला आणि तुम्हालाही मिळू शकतो.

राहिली ती अटेंडंट. तिला आत्ताच पोलिसांत चला म्हणू नका, पोटावर पाय येईल तिच्या. तिचा नंबर घ्या, ती काय म्हणाली ते तारखेसकट आजच वहीत लिहून ठेवा. मावशीच्या वेळी तिथली नोकरी सोडून गेलेल्या एका बाईनेच नंतर अफिडेव्हिट दिलं. आणि तिथल्या बाकी आजी-आजोबांच्या घरच्यांशी बोला, ज्यांची माणसं अजून त्याच रात्रपाळीच्या हाती आहेत त्यांना हे आज कळायला हवं.

हॉस्पिटलचा कागद मिळाला की इथे लिहा, नाव झाकून फोटो टाका, तक्रारीचा मसुदा आपण मिळून करू.