अमात्य, अमावास्या आणि अमेरिकेचे अर्थसल्लागार

प्रश्न : अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक आली की बातम्यांत 'आर्थिक सल्लागार' सारखे दिसू लागतात. उमेदवाराच्या प्रचारातले अर्थतज्ज्ञही आर्थिक सल्लागार आणि निकालानंतर व्हाइट हाउसमध्ये नेमलेलेही आर्थिक सल्लागारच. शिवाय तिथल्या ट्रेझरी सेक्रेटरीला कुणी अर्थमंत्री म्हणतं, कुणी अर्थसचिव. यात बरोबर काय? 'अर्थसल्लागार' जास्त चांगला का? आणि 'सल्लागार' हा परका शब्द टाळता येईल का?

उत्तर : आधी 'अर्थसचिव' निकालात काढू, कारण तो वाचला की डोक्यात तिडीक जाते. आपल्याकडे अर्थसचिव म्हणजे सनदी अधिकारी. सरकार पडलं तरी त्याची नोकरी पडत नाही. अमेरिकेचा ट्रेझरी सेक्रेटरी मंत्रिमंडळात बसतो, त्याच्या नेमणुकीवर सिनेट मत देतं आणि त्याची सही डॉलरच्या नोटेवर छापली जाते. तो मंत्रीच. कोशात सेक्रेटरीपुढे 'सचिव' दिसलं आणि उचललं, एवढीच या भाषांतराची पुण्याई. हीच मंडळी 'सेक्रेटरी ऑफ स्टेट'ला मात्र न चुकता परराष्ट्रमंत्री म्हणतात. तिथे का नाही 'राज्यसचिव' लिहीत?

आता 'सल्लागार'. मूळ अरबी धातू स्वाद-लाम-हे, म्हणजे नीट असणं, हितावह असणं. त्यातूनच सलाह, सुलह आणि आपली मसलत. जुन्या मराठी कागदांत 'सल्ला झाला' म्हणजे तह झाला, असाही अर्थ सापडतो; तो मागे पडला आणि नुसता उपदेश उरला. पुढचा 'गार' फारसी, गुन्हेगारातला. हिंदीने 'सलाहकार' केला, आपण 'सल्लागार'. शब्द मराठी मातीत मुरलेला आहे, तो टाळण्याचं काही कारण नाही. 'मंत्रणाकार' वगैरे सुचवणाऱ्यांनी तो एकदा चहाच्या टपरीवर वापरून दाखवावा. सल्ल्याला ओढूनताणून 'संलापा'ची संतती ठरवणारेही भेटतात. अर्थ जुळत नाही, आणि अरबी सलाह समोर धडधडीत उभा असताना संस्कृतात आजोबा शोधायची गरजही नाही.

पण तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं वेगळं आहे. प्रचारातला सल्लागार आणि सरकारातला सल्लागार यांना एकच शब्द लावला की मधली सगळी गंमत नाहीशी होते. २००८ घ्या. ओबामांच्या प्रचारात शिकागो विद्यापीठाचे ऑस्टन गुल्सबी अर्थविषयक सल्ला देत होते. फेब्रुवारीत ते शिकागोतल्या कॅनडाच्या वाणिज्य दूतावासात जाऊन बोलून आले. बोलण्याचं टिपण फुटलं आणि त्यात सूर असा होता, की उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार कराराविरुद्ध उमेदवार जे बोलतो आहे ते फारसं मनावर घेऊ नका, हे निवडणुकीचं बोलणं आहे. प्रचारयंत्रणेने 'टिपणात विपर्यास झाला' असा खुलासा केला, पण व्हायचा तो गोंधळ झाला. गंमत अशी की गुल्सबींकडे तेव्हा कुठलंच सरकारी पद नव्हतं. कॅनडावाल्यांनी त्यांना उद्याचं सरकार समजून ऐकलं आणि गुल्सबी उमेदवाराच्या ओळखीचे प्राध्यापक म्हणून बोलले, असा तो घोळ.

समोरच्या पक्षातही तेच. रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांचे सल्लागार, माजी सिनेटर फिल ग्रॅम, त्या जुलैत म्हणाले की ही मंदी मानसिक आहे आणि आपला देश रडतराऊतांचा झाला आहे. ('रडतराऊत' माझा. राऊत म्हणजे घोडेस्वार, मूळ राजपुत्र. रडत रडत घोड्यावर बसणारा तो रडतराऊत. ग्रॅम यांच्या तोंडच्या शब्दाला याहून नेमका शब्द मराठीत नाही.) आठ-दहा दिवसांत त्यांना प्रचारातलं पद सोडावं लागलं. सरकारातला माणूस असता तर राजीनामा, चौकशी, सिनेटमध्ये गदारोळ झाला असता. इथे नुसतं घरी जायचं.

मग निवडणूक झाली. निकाल ४ नोव्हेंबरला. २४ नोव्हेंबरला शिकागोत नावं जाहीर झाली. अर्थमंत्री टिमोथी गाइटनर, राष्ट्रीय आर्थिक परिषदेचे संचालक लॅरी समर्स, आर्थिक सल्लागार परिषदेच्या अध्यक्ष बर्कलीच्या ख्रिस्तिना रोमर. वर्षभर प्रचारात राबलेल्या गुल्सबींना पहिली खुर्ची मिळाली नाही. ते सल्लागार परिषदेचे सदस्य झाले आणि अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं ते २०१० मध्ये, रोमर गेल्यावर. नोव्हेंबर ते २० जानेवारी या मधल्या काळातल्या माणसांना काय म्हणायचं, हा खरा भाषिक पेच. निवडून आलेल्या अध्यक्षासाठी आपल्याकडे 'नियोजित' हा शब्द तयार आहे. साहित्य संमेलनाचा नियोजित अध्यक्ष सगळ्यांना कळतो, मग अमेरिकेचाच 'नवनिर्वाचित' कशाला? तो तर शपथ घेतल्यावरही सहा महिने नवनिर्वाचितच राहतो. अध्यक्ष नियोजित, तसे सल्लागारही नियोजित. आणि या नियोजितांचं बोलणं किती महाग पडतं पाहा. जानेवारी २००९ मध्ये, शपथविधीच्या आधी, रोमर आणि दुसरे नियोजित सल्लागार जॅरेड बर्नस्टाइन यांनी एक अहवाल काढला. सरकारने खर्चाची योजना राबवली तर बेकारी आठ टक्क्यांच्या वर जाणार नाही, असा त्यात अंदाज होता. ७८७ अब्ज डॉलरची योजना फेब्रुवारीत मंजूर झाली आणि ऑक्टोबरमध्ये बेकारी दहा टक्क्यांवर गेली. मंदी आधीच किती खोल गेली होती याचा पुरता अंदाज त्या वेळी फारसा कुणाला नव्हता, हे खरं. पण पदावर बसण्याआधी काढलेला तो एक आलेख विरोधकांनी पुढची चार वर्षं मिरवला.

तेव्हा बाहेरचा सल्लागार वेगळा आणि घरातला वेगळा. आणि घरातल्यासाठी आपल्याकडे असा शब्द आहे की तो हाती आल्यापासून मी त्याच्यावर लट्टू आहे : अमात्य.

शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत मुजुमदाराचा अमात्य झाला, हे शाळेत वाचलेलं असतं. राज्याचा जमाखर्च त्याच्याकडे. पण शब्दाच्या आत कुणी डोकावत नाही. 'अमा' हे जुनं अव्यय. अर्थ घरी, सोबत, एकत्र. त्याला 'त्य' लागला की झाला अमात्य, म्हणजे घरातला, सोबत राहणारा. 'अव्ययात् त्यप्' हे पाणिनीचं सूत्र आणि त्यावरच्या वार्तिकात ज्या अव्ययांना हा 'त्य' लागतो त्यांच्या यादीत पहिलंच नाव 'अमा'. तत्रत्य म्हणजे तिथला, तसा अमात्य म्हणजे घरचा. पाश्चात्य, दाक्षिणात्य हेही याच धाटणीचे.

आणि हीच 'अमा' अमावास्येत आहे. सूर्य आणि चंद्र ज्या तिथीला एकत्र वस्तीला येतात ती अमावास्या. इथे मला दिनदर्शिकांच्या मागच्या पानांवर व्युत्पत्त्या वाटणाऱ्यांशी भांडायचं आहे. 'मा म्हणजे चंद्र, अ म्हणजे नाही, म्हणून चंद्र नसलेली ती अमा' हे ते वर्षानुवर्षं छापतात. बरं, मग 'वास्या'चं काय करायचं? 'चंद्र नाही' असं म्हणून झाल्यावर वस्तीला कोण आलं? त्याचं उत्तर कुणी देत नाही. आणखी एक टोळी 'अमावस्या' लिहिणाऱ्यांना झोडपत असते. पाणिनीने एक अख्खं सूत्र खर्चून ही दोन्ही रूपं चालतात असं सांगितलं आहे. त्यांनी आधी पाणिनीला झोडपावं.

पण कळस पुढेच आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात अग्नीला विनवलं आहे, 'स नो वेदो अमात्यम् अग्नी रक्षतु विश्वतः'. इथे वेद म्हणजे ग्रंथ नव्हे, वेदस् म्हणजे धन. आमचं घरचं धन अग्नीने सगळीकडून राखावं. म्हणजे अमात्य शब्द इतक्या जुन्या जागी भेटतो तो माणसाला लागलेला नाही, पैशाला लागलेला! आता 'इकॉनॉमी' उलगडा. ग्रीक 'ओइकोस' म्हणजे घर, पुढे 'नोमोस', म्हणजे नियम किंवा व्यवस्था. घरची व्यवस्था ती इकॉनॉमी. तिकडेही घर, इकडेही घर, आणि मधे धन. 'इकॉनॉमिक अॅडव्हायझर'ला याहून चपखल शब्द मला कुणी दाखवावा. दोन भाषांनी आपापल्या घरातून बाहेर पडून नेमक्या एकाच ओट्यावर येऊन बसावं, हे मला तरी निव्वळ योगायोग वाटत नाही. राज्य हे आधी मोठं घरच होतं, आणि त्याचा हिशेब घरातल्या माणसाकडेच असणार. काही भाषाशास्त्री याला कल्पनाविलास म्हणतील. म्हणोत.

यावर 'अमात्य म्हणजे नुसता खजिनदार, सल्लागार नव्हे' असं म्हणणाऱ्यांनी अमरकोश उघडावा. 'मन्त्री धीसचिवोऽमात्योऽन्ये कर्मसचिवास्ततः'. बुद्धीने साथ देणारा तो धीसचिव, त्यालाच मंत्री किंवा अमात्य म्हणायचं. कामाची साथ देणारे बाकीचे कर्मसचिव. अमेरिकेने हाच भेद कायद्यात घातला १९४६ साली. ट्रुमन यांच्या काळात एम्प्लॉयमेंट अॅक्टने तीन सदस्यांची आर्थिक सल्लागार परिषद स्थापन झाली, पहिले अध्यक्ष एडविन नोर्स. तिने खातं चालवायचं नाही, कर गोळा करायचे नाहीत; फक्त विचार करून अध्यक्षाला सांगायचं. हे शुद्ध धीसचिव, बहुधा विद्यापीठातून रजा घेऊन आलेले. ट्रेझरीवाला मंत्री असला तरी या हिशेबाने कर्मसचिव. क्लिंटन यांनी १९९३ मध्ये राष्ट्रीय आर्थिक परिषद काढली आणि रॉबर्ट रुबिन यांना तिचे संचालक केलं. त्या पदाला सिनेटची संमती लागत नाही, आणि त्याचं दालन थेट व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये. सल्लागार परिषदेची प्राध्यापक मंडळी शेजारच्या इमारतीत. अमात्यांतही कोण किती घरातला, हे खोल्यांवरून कळतं.

घरात यायचं नाकारणारेही असतात. अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युअलसन केनेडींना प्रचारात सल्ला देत होते. जानेवारी १९६१ मध्ये नियोजित अध्यक्षांसाठी अर्थव्यवस्थेवरचा अहवालही त्यांनीच दिला. पण सल्लागार परिषदेचं अध्यक्षपद घेतलं नाही. ते गेलं मिनेसोटाच्या वॉल्टर हेलर यांच्याकडे. सॅम्युअलसन शेवटपर्यंत सल्लागार, अमात्य नव्हेत. पाहा, दोन शब्द हाताशी असले की वाक्य कसं सुटसुटीत होतं.

जाता जाता 'ब्रेन ट्रस्ट'. १९३२ मध्ये रूझवेल्ट यांच्या प्रचारात कोलंबिया विद्यापीठाचे मोली, टगवेल आणि बर्ली हे तिघे होते. त्यांच्या टोळक्याला वार्ताहरांनी हे नाव चिकटवलं. मराठीत त्याचा 'बुद्धिमंतांचा न्यास' केलेला वाचला आणि हात टेकले. इथला ट्रस्ट देवस्थानाचा नाही, स्टँडर्ड ऑइलवाला आहे : बाजार मुठीत ठेवणारी मक्तेदारांची युती. 'अकलेचे मक्तेदार' म्हणा. मूळ शब्दातली टिंगलही त्यात येते.

राहिलं तुमचं 'आर्थिक' की 'अर्थ'. 'आर्थिक' दोन्हीकडे वाकतो. आर्थिक गुन्हे शाखा पैशांच्या अफरातफरीचा तपास करते, आर्थिक धोरण देशाचं असतं आणि विमा विकणाऱ्याच्या कार्डावरही 'आर्थिक सल्लागार'च छापलेलं असतं. म्हणून बातमीत 'अर्थसल्लागार' बरा, आणि तो एकत्र लिहावा, मधे जागा सोडू नये. भारत सरकारचं 'मुख्य आर्थिक सल्लागार' हे पदनाम रूढ आहे, ते आहे तसंच ठेवावं. अमेरिकेच्या परिषदेलाही 'आर्थिक सल्लागार परिषद' चालेल. 'अमात्य परिषद' कुणी छापलीच, तर अंक मला जरूर पाठवा.