ओटोरायनोलॅरिंगॉलजी तोडायचं कुठे?

प्रश्न: भाचीला मेडिकलला पीजीची सीट मिळाली, घरीच छोटासा सत्कार ठेवलाय अन् दोन शब्द बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलं. विषयाचं नाव ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी. राय-नो पर्यंत ठीक जाते, पुढे जीभ अडकते. कुठे तोडू, जोर कुठे देऊ?
— एक मामा, मनीषनगर, नागपूर

उत्तर: मामाजी, आधी अभिनंदन! आता बघा, हा सगळा ग्रीक माल आहे. ओटो म्हणजे कान, रायनो म्हणजे नाक (गेंड्याच्या इंग्रजी नावातलं रायनो तेच, नाकावर शिंग म्हणून), लॅरिंगो म्हणजे स्वरयंत्र अन् शेवटी लॉजी म्हणजे शास्त्र. अर्थ लक्षात ठेवायला हे तुकडे मस्त आहेत, पण बोलताना तुम्ही इथेच तोडता अन् म्हणूनच अडकता, कारण उच्चाराचे तुकडे वेगळे पडतात. आपल्याकडे नाही का, विद्यालय हा विद्या अधिक आलय, पण म्हणतो आपण वि-द्या-लय, जोड पार द्या मध्ये गडप.

तसंच इथे: ओ-टो-राय-नो-लॅ-रिं-गॉ-ल-जी. एकूण 9 तुकडे, अन् मुख्य जोर गॉ वर. आपण सवयीने लॉ वर जोर देतो, बायोलॉजी म्हणतो तसा, इंग्रजीत मात्र तो लॉजीच्या आधीच्या ओ वर पडतो, बा-यॉ-ल-जी. मराठीत लॉजी म्हटलं तर काही बिघडत नाही, सगळेच म्हणतात.

खरी गंमत त्या ग ची आहे. घसा बसला की डॉक्टर लॅरिंजायटिस म्हणतात, तिथे ज, कारण इंग्रजी स्पेलिंगमध्ये पुढे आय आहे. इथे पुढे ओ, म्हणून ग कडकच राहतो. लॅरिंजॉलॉजी म्हणू नका, भाची हसेल.

पाठ करताना सुरुवातीपासून नका करू, मागून या. गॉलजी, रिंगॉलजी, लॅरिंगॉलजी, मग नोलॅरिंगॉलजी, असं एकेक डबा जोडत जा, म्हणजे शेवट आधीच पक्का झालेला असतो अन् दम संपतो तिथे जीभ घसरत नाही. माईकवर रायनो नंतर किंचित श्वास घेतला तरी कोणाला कळत नाही.

अन् ऐन वेळी नाहीच जमलं तर सरळ ईएनटी (कान-नाक-घसा) म्हणा ना जी, आपल्या नागपूरच्या धंतोलीत डॉक्टरकडे नंबर लावताना कोण पूर्ण नाव घेते!